कंपनी इथली, कागद तिथला: न्यूयॉर्कमधून भारतीय शेअर घेतल्यावर कर कसा लागतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणारी, भारतातच कर भरणारी एक व्यक्ती अमेरिकी ब्रोकरकडे खाते उघडून न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर इन्फोसिस आणि एचडीएफसी बँक घेऊ पाहते. कंपन्या भारतीयच आहेत, तर कर एनएसईवर घेतलेल्या शेअरसारखाच लागेल ना? दीर्घकालीन नफ्यावरची सव्वा लाखाची सूट मिळेल ना? आणि लाभांशावर अमेरिका २५ टक्के कापून घेईल का?

उत्तरे अनुक्रमे नाही, नाही आणि सहसा नाही अशी आहेत. पण त्याआधी एक चौथा प्रश्न आहे, जो विचारलेलाच नाही: हे घेता येते का?

न्यूयॉर्कमध्ये मिळतो तो शेअर नसतो, ती पावती असते. कंपनीचे मूळ शेअर भारतात कस्टोडियनकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्या संस्थेकडे, पडून असतात आणि त्यांच्या आधारावर परदेशी डिपॉझिटरी बँक डॉलरमध्ये पावत्या काढते. त्याच एडीआर, म्हणजे अमेरिकन डिपॉझिटरी रिसीट. एका पावतीमागे किती शेअर हे कंपनीगणिक वेगळे असते. इन्फोसिस, विप्रो आणि डॉ. रेड्डीज यांच्या एका एडीआरमागे १ शेअर, आयसीआयसीआय बँकेच्या मागे २, एचडीएफसी बँकेच्या मागे ३. हा गुणाकार विसरला की लाभांशाचा हिशेब तिप्पट चुकतो. यादी आता लहान उरली आहे. वेदांताने २०२१ मध्ये न्यूयॉर्क सोडले, टाटा मोटर्सने जानेवारी २०२३ मध्ये. मेकमायट्रिप नॅस्डॅकवर दिसते खरी, पण ती कंपनी मॉरिशसमध्ये नोंदलेली आहे. ती करासाठी सरळ परदेशी शेअर, या उत्तराशी तिचा संबंध नाही.

आता घेता येते का. सेबीने १० ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात डिपॉझिटरी रिसीट काढणाऱ्या भारतीय कंपन्यांसाठी चौकट आखली. त्यात पावतीचा धारक कोण असू शकतो हे सांगताना भारतात राहणारी व्यक्ती वगळली आहे. लाभार्थी मालक म्हणूनही ती चालत नाही. अनिवासी भारतीयसुद्धा वगळले होते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना कर्मचारी योजना, बोनस आणि राइट्स यांपुरती वाट मोकळी केली. कारण उघड आहे. एलआरएसखाली, म्हणजे रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या योजनेखाली, इथून डॉलर बाहेर जायचे आणि तेच परदेशी गुंतवणुकीच्या वेषात भारतीय कंपनीत परतायचे, हा फेरा नियामकाला नको आहे.

इन्फोसिस आणि आयसीआयसीआयचे एडीआर या परिपत्रकाच्या कितीतरी आधीचे आहेत, आणि ब्रोकरच्या स्क्रीनवर ऑर्डर टाकताना तुमचा पासपोर्ट कोणी मागत नाही. त्यामुळे काही प्लॅटफॉर्म भारतीय ग्राहकाला हे घेऊ देतात, काही सरळ अडवतात. ऑर्डर गेली म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. भारतात राहणाऱ्याने एलआरएसचे पैसे पाठवून भारतीय कंपनीचा एडीआर घेऊ नये, असेच मी सांगेन. पुढे दिसेल की करातही यात तोटाच आहे, म्हणजे नियमाची जोखीम घेऊन पदरात काही पडत नाही.

मग एडीआर हाती असलेले भारतीय रहिवासी कोण? मुख्यतः तीन प्रकारचे. परदेशात असताना घेऊन नंतर परतलेले. परदेशी पोस्टिंगवर असताना कंपनीकडून शेअर योजनेत मिळालेले. पुण्या-मुंबईच्या आयटीत असे बरेच आहेत. आणि परदेशातल्या नातेवाइकाकडून वारशाने मिळालेले. फेमा, म्हणजे परकीय चलन कायदा, त्याच्या कलम ६(४) प्रमाणे परदेशात राहत असताना घेतलेली किंवा तिथे राहणाऱ्याकडून वारशाने आलेली परदेशी सिक्युरिटी परतल्यावरही ठेवता येते. करप्रश्न खरा यांचा आहे. ज्यांनी एलआरएसने आधीच घेऊन ठेवले आहेत, त्यांनाही कर तोच.

कलमांचे आकडे खाली १९६१ च्या कायद्याचे देतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि आकडे बदलतात, पण २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो.

सगळ्या गोंधळाचे मूळ एका गोष्टीत आहे. विक्रीच्या नफ्यावर कर लावताना कायदा हातातला कागद पाहतो आणि लाभांशावर कर लावताना कंपनी पाहतो. म्हणून एकच गुंतवणूक एका कामासाठी परदेशी ठरते, दुसऱ्यासाठी देशी.

आधी विक्री. एनएसईवरच्या इन्फोसिसला कलम ११२ए (दीर्घकालीन नफा) आणि १११ए (अल्पकालीन नफा) लागतात, कारण तो इक्विटी शेअर आहे आणि त्यावर एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, भरलेला आहे. एडीआरमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. न्यूयॉर्कचा बाजार आपल्या कायद्याच्या दृष्टीने मान्यताप्राप्त भारतीय शेअर बाजार नाही, म्हणून एडीआर ही नोंदणीकृत सिक्युरिटीही धरली जात नाही. परिणाम असे: दीर्घकालीन व्हायला १२ नव्हे, २४ महिन्यांहून जास्त काळ लागतो. दीर्घकालीन नफ्यावर कलम ११२ खाली १२.५ टक्के, पण पहिल्या रुपयापासून. सव्वा लाखाची सूट फक्त ११२ए ची आहे. अल्पकालीन नफा तुमच्या उत्पन्नात मिळून स्लॅबने, म्हणजे वरच्या स्लॅबमध्ये ३० टक्के; २० टक्क्यांचा सवलतीचा दर नाही. आणि ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदी किंमत म्हणून धरण्याची मुभाही फक्त ११२ए च्या शेअरला आहे, जुन्या एडीआरला नाही.

आकड्यात पाहू. १,००० इन्फोसिस एडीआर १८ डॉलरला घेतले, तेव्हा डॉलर ८३ रुपये. २० डॉलरला विकले, तेव्हा डॉलर ८६ रुपये. भाव आणि दर दोन्ही उदाहरणासाठी. खरेदी १४,९४,००० रुपये, विक्री १७,२०,०००, नफा २,२६,०००. विकणारा ३० टक्के स्लॅबमधला, अधिभार नसलेला, उपकर ४ टक्के.

२४ महिन्यांनंतर विकले तर कर २९,३८० रुपये. एवढाच नफा एनएसईवर झाला असता आणि सव्वा लाखाची सूट शिल्लक असती, तर १३,१३०.

१८ महिन्यांनी विकले तर एडीआरवर ७०,५१२ रुपये, कारण तो अजून अल्पकालीनच आहे. एनएसईवर तेच १३,१३०.

१० महिन्यांनी विकले तर एडीआरवर ७०,५१२ आणि एनएसईवर ४७,००८.

मधली ओळ पुन्हा वाचा. १३ व्या ते २४ व्या महिन्याच्या पट्ट्यात फरक पाचपटीहून जास्त आहे, आणि चूक नेमकी तिथेच होते. वर्ष झाले, लाँग टर्म झाला, असे समजून लोक विकून मोकळे होतात.

या नफ्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. डॉलरमध्ये नफा झाला २,००० डॉलर, म्हणजे ८६ च्या दराने १,७२,००० रुपये. उरलेले ५४,००० रुपये निव्वळ रुपया घसरल्याचे आहेत आणि त्यावरही कर आहे. परकीय चलनात नफा मोजून मग रुपयात आणायची पद्धत कलम ४८ मध्ये आहे, पण ती अनिवाशांसाठी आणि भारतीय कंपनीच्या शेअर-डिबेंचरसाठी. भारतीय रहिवाशाला ती मिळत नाही. म्हणून १८ ला घेतलेला एडीआर १८ लाच विकला तरी करपात्र नफा निघू शकतो.

दर कुठला घ्यायचा? आयकर नियम ११५ स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) सांगतो, आणि तोही विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. १४ फेब्रुवारीला विकले तर ३१ जानेवारीचा दर. ब्रोकरने किंवा बँकेने प्रत्यक्ष दिलेला दर इथे चालत नाही, गुगलवरचा तर नाहीच. खरेदीसाठीही हीच पद्धत धरणे सोपे जाते. एकदा धरली की दरवर्षी बदलू नका. स्टेट बँकेची दरपत्रके रोज बदलतात आणि जुनी सापडवणे जिकिरीचे होते, म्हणून दर महिनाअखेरचे पत्रक उतरवून ठेवा. महिन्याला दोन मिनिटांचे काम आहे. दहा वर्षांनी ते शोधायला बसलात तर दोन दिवस जातील.

तोटा झाला तर मात्र कागदाचा भेद आड येत नाही. एडीआरचा अल्पकालीन तोटा एनएसईवरच्या अल्प किंवा दीर्घ, कुठल्याही भांडवली नफ्यातून वजा करता येतो. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला ८ वर्षे पुढे नेता येतो, पण त्यासाठी रिटर्न मुदतीत भरलेले असले पाहिजे.

आता बोनस. यावर कोणी फारसे बोलत नाही आणि हिशेब सगळ्यात जास्त इथेच बिघडतो. इन्फोसिसने २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये एकास एक बोनस दिला, विप्रोने डिसेंबर २०२४ मध्ये, एचडीएफसी बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये. शेअरवर बोनस आला की एडीआरधारकालाही त्या प्रमाणात जास्तीचे एडीआर मिळतात. अमेरिकी ब्रोकर तिथल्या पद्धतीने जुनी खरेदी किंमत सगळ्या एडीआरवर वाटून टाकतो आणि खरेदीची तारीखही जुनीच दाखवतो. आपल्याकडे नियम उलट आहे. मूळ लॉटची किंमत पूर्ण राहते, बोनस लॉटची किंमत शून्य आणि बोनसचा काळ वाटपाच्या दिवसापासून. एडीआरसाठीही हाच नियम धरून हिशेब करावा.

समजा २०२२ मध्ये एचडीएफसी बँकेचे १०० एडीआर ६० डॉलरला घेतले. ऑगस्ट २०२५ च्या बोनसनंतर २०० झाले. जानेवारी २०२६ मध्ये सगळे ३५ डॉलरला विकले. ब्रोकरचे स्टेटमेंट म्हणेल: किंमत प्रत्येकी ३०, नफा १,००० डॉलर, सगळा दीर्घकालीन. भारतीय हिशेब म्हणेल: मूळ १०० वर २,५०० डॉलर दीर्घकालीन तोटा, बोनसच्या १०० वर ३,५०० डॉलर अल्पकालीन नफा. दीर्घकालीन तोटा अल्पकालीन नफ्यातून वजा होत नाही. म्हणजे खिशात १,००० डॉलर आले आणि ३,५०० डॉलरवर स्लॅबने कर बसला. शिवाय रुपया घसरलेला असला तर रुपयातला तोटा आणखी आक्रसतो. हाच फास एनएसईच्या शेअरलाही आहे, पण तिथे बोनस लॉट १२ महिन्यांत सुटतो, इथे २४ लागतात. अशा वेळी आधी मूळ लॉटच विकावा, बोनस लॉट २४ महिने ओलांडेपर्यंत ठेवावा आणि दीर्घकालीन तोटा पुढे ओढावा. रेकॉर्ड डेटच्या (बोनस कोणाला मिळणार हे ठरते त्या तारखेच्या) आधीच्या ३ महिन्यांत घेतलेला लॉट त्या तारखेनंतर ९ महिन्यांच्या आत विकला तर ही युक्ती चालणार नाही. कलम ९४(८) तो तोटाच नाकारते आणि बोनसच्या किमतीत धरते.

लाभांशाकडे येऊ. इथे कायदा कंपनी पाहतो. भारतीय कंपनीने परदेशात दिलेला लाभांशही भारतातच निर्माण झालेला धरला जातो. डिपॉझिटरीला पैसे देतानाच कंपनी कलम १९६सी खाली १० टक्के आणि त्यावर लागू अधिभार-उपकर कापते. मग डिपॉझिटरी ते डॉलरमध्ये बदलते, स्वतःची फी कापते (प्रति एडीआर काही सेंट) आणि उरलेले तुमच्या खात्यात येते.

अमेरिका यात सहसा काही कापत नाही. अमेरिकेत न राहणाऱ्या परक्या व्यक्तीकडून तिथे कापला जाणारा कर अमेरिकी उगमाच्या लाभांशावर असतो, आणि हा लाभांश अमेरिकी उगमाचा नाही. भारत-अमेरिका करारातला २५ टक्के दर अॅपलच्या लाभांशाला लागेल, इन्फोसिसच्या नाही. ब्रोकरने चुकून कापले तर त्याच वर्षात लेखी मागणी करून परत घ्या. एकदा वर्ष उलटले की पैसे अमेरिकी करखात्याकडून सोडवावे लागतात. आपण अमेरिकी नाही हे ब्रोकरला सांगणारा डब्ल्यू-८बेन फॉर्म मात्र जिवंत ठेवा. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो संपतो आणि संपल्यावर २४ टक्के बॅकअप विथहोल्डिंग नावाची कपात सुरू होऊ शकते.

भारतातला कर स्लॅबने. रिटर्नमध्ये लाभांश कपातीआधीचा, पूर्ण दाखवायचा, हाती आलेला नव्हे. सगळ्यात स्वच्छ मार्ग असा: कंपनीने रुपयात जाहीर केलेला दर गुणिले तुमच्या एडीआरमागचे शेअर. प्रति शेअर २२ रुपये जाहीर झाले आणि तुमच्याकडे इन्फोसिसचे १,००० एडीआर असले तर उत्पन्न २२,००० रुपये. खात्यात डॉलर कितीही आले तरी. डिपॉझिटरीची फी यातून वजा होत नाही.

मग त्या कापलेल्या दहा टक्क्यांचे काय? इथे कागद आणि कंपनी एकमेकांवर आपटतात. टीडीएस भरला गेला आहे, भारतात भरला गेला आहे, पण डिपॉझिटरीच्या पॅनवर. तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा कराच्या पत्रकात, तो दिसणार नाही. नियम ३७बीए मध्ये तरतूद आहे की ज्याच्या नावावर कापला त्याने घोषणा द्यावी आणि क्रेडिट खऱ्या मालकाला मिळावे. पण हजारो धारकांची पावती सांभाळणारी परदेशी बँक पुण्यातल्या शंभर एडीआरसाठी हे करेल, यावर भिस्त ठेवू नका. २६एएसमध्ये नसलेले क्रेडिट रिटर्नमध्ये मागितले तर प्रक्रियेत ते नाकारले जाते आणि मागणीची नोटीस येते. काही जण वैतागून हा कर परदेशी कर म्हणून फॉर्म ६७ मध्ये दाखवतात. ते साफ चूक आहे. कर भारत सरकारला गेला आहे, परदेशी सरकारला नाही, त्यामुळे फॉर्म ६७ आणि शेड्यूल एफएसआय (रिटर्नमधला परदेशी उत्पन्नाचा तक्ता) यांचा इथे संबंध नाही. व्यवहारात बहुतेक लोक हे दहा टक्के सोडून देतात. एनएसईचा शेअर असता तर लाभांशावरचा टीडीएस स्वतःच्या पॅनवर पडला असता आणि वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत कापलाही गेला नसता.

बायबॅकमध्येही, म्हणजे कंपनी स्वतःचे शेअर परत विकत घेते तेव्हाही, एडीआरधारक मागे राहतो. इन्फोसिसने २०२५ मध्ये १८,००० कोटींचे बायबॅक आणले, तेव्हा एडीआर थेट देता येत नव्हते. आधी पावती रद्द करून शेअर हाती घ्यावे लागत, तेही रेकॉर्ड डेटच्या पुरेसे आधी. भारतात डीमॅट खाते तयार नसेल तर ही मुदत पाळणे जवळजवळ अशक्य.

आता परतणाऱ्यांसाठी, ज्यांच्याकडे खरोखर काही ठरवायला वाव आहे. परदेशात असताना, म्हणजे आयकराच्या अर्थाने अनिवासी असताना, एका अनिवाशाने दुसऱ्या अनिवाशाला भारताबाहेर विकलेला एडीआर कलम ४७ प्रमाणे हस्तांतरच धरला जात नाही. न्यूयॉर्कमध्ये विकलात तर भारतात भांडवली नफ्याचा कर नाही. तुम्ही राहता त्या देशाचा लागेल तो लागेल. (समोरचा खरेदीदार अनिवासी आहे की नाही हे बाजारात कळायला मार्ग नाही, पण यावरून कोणी भांडताना दिसत नाही.) भारतात रहिवासी झालात की ही सूट संपते. आणि भारतात परतल्याच्या दिवशीचा भाव नवी खरेदी किंमत म्हणून धरायची सोय आपल्या कायद्यात नाही. पंधरा वर्षांपूर्वी ३ डॉलरला घेतलेला एडीआर परतल्यावर विकला तर सगळाच्या सगळा नफा भारतात करपात्र, परदेशातल्या वर्षांतला वाढावासुद्धा, आणि वर रुपयाची घसरण.

म्हणून विक्री करायचीच असेल तर ती अशा आर्थिक वर्षात करा ज्यात तुमचा दर्जा अनिवासी आहे. एप्रिल ते मार्च मोजा, जानेवारी ते डिसेंबर नाही. परतल्यानंतरची पहिली काही वर्षे ज्या मधल्या दर्जात जातात, ज्याला आरएनओआर म्हणतात, त्यावर विसंबू नका. आरएनओआर हा रहिवाशाचाच एक प्रकार आहे, आणि कलम ४७ ची सूट फक्त अनिवाशाला आहे.

विकायचे नसेल तर दुसरा मार्ग: अनिवासी असतानाच एडीआरचे शेअरमध्ये रूपांतर. कलम ४९(२एबीबी) म्हणते की अनिवाशाने पावती मोडून शेअर घेतले तर मोडण्याची विनंती केली त्या दिवशीचा भारतीय बाजारातला भाव हीच खरेदी किंमत. काळही त्याच दिवसापासून. जुना वाढावा भारतीय कराच्या बाहेर राहतो. यासाठी आधी एनआरओ किंवा एनआरई, म्हणजे अनिवाशाचे, डीमॅट खाते, मग ब्रोकरला रद्द करण्याची सूचना, त्यात डीमॅटचा तपशील, मग डिपॉझिटरी भारतातल्या कस्टोडियनला शेअर सोडायला सांगते. डिपॉझिटरी आणि ब्रोकर दोघेही फी घेतात. विनंतीच्या तारखेचा लेखी पुरावा ठेवा, कारण सगळी किंमत त्या तारखेवर टांगलेली आहे.

हे कलम अनिवाशापुरतेच बोलते. रहिवासी झाल्यावर रूपांतर केले तर वाढीव किंमत धरू नका, मूळ किंमतच चालवा. मिळालेले शेअर पुढे एनएसईवर विकताना ११२ए आपोआप लागेल असेही गृहीत धरू नका. त्या कलमाला खरेदीच्या वेळीही एसटीटी लागतो. अपवाद १ ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत आहेत; तुमचे रूपांतर त्यात बसते का, याचे सीएकडून लेखी मत घ्या.

कंपनीच्या योजनेत मिळालेल्या एडीआरची खरेदी किंमत शून्य नसते. मिळताना ज्या बाजारभावावर पगारातली सुविधा म्हणून भारतात कर लागला, तोच भाव खरेदी किंमत. फॉर्म १६ किंवा १२बीए मध्ये तो आकडा सापडतो. ज्ञानाधारित उद्योगातल्या रहिवासी कर्मचाऱ्याने अधिसूचित योजनेतली पावती परकीय चलनात घेतली असेल, तर कलम ११५एसीए वेगळेच आहे: लाभांशावर १० टक्के, दीर्घकालीन नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के. हे कलम फार थोड्यांना लागते, पण लागत असेल तर ३० ऐवजी १० टक्के हा फरक सोडू नये. एचआरला योजनेचे नाव विचारा.

एलआरएसने पैसे पाठवून आधीच घेतलेल्यांना टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ गोळा करते तो कर, कळलाच असेल: १ एप्रिल २०२५ पासून वर्षात सगळ्या बँका मिळून पाठवलेल्या रकमेपैकी १० लाखांवरच्या भागावर २० टक्के. तो अंतिम कर नाही, रिटर्नमध्ये वळता होतो. नोकरदारांना मालकाकडे फॉर्म १२बीएए देऊन पगाराच्या टीडीएसमध्येच तो जमवता येतो.

शेवटी रिटर्न. आयटीआर-१ किंवा ४ चालणार नाही, २ किंवा ३ लागेल. पूर्ण रहिवासी असाल आणि परदेशी खाते असेल तर उत्पन्न मर्यादेखाली असूनही रिटर्न भरणे सक्तीचे आहे. शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता, कॅलेंडर वर्षाने चालते. २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५. मार्चचे आकडे टाकणे ही सगळ्यात नेहमीची चूक. ब्रोकरचे खाते टेबल ए२ मध्ये जाते: खाते उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वोच्च शिल्लक, ३१ डिसेंबरची शिल्लक, वर्षात जमा झालेली रक्कम. सर्वोच्च शिल्लक त्या दिवशीच्या टीटी बाइंग रेटने, अखेरची ३१ डिसेंबरच्या.

टेबल ए३ बद्दल मतभेद आहेत. ते परदेशी संस्थेतल्या हिश्श्यासाठी आहे आणि इन्फोसिस परदेशी संस्था नाही. शब्दशः पाहिले तर ए३ रिकामे ठेवणारा चुकत नाही. तरी मी तिथेही एडीआरची ओळ भरायला सांगतो, लॉटनिहाय, तारखेसह. दोनदा दाखवल्याचा दंड नाही; न दाखवल्याचा काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांवर गेली नसेल तर तो दंड लागत नाही, पण ती माफी दंडाला आहे, दाखवण्याला नाही. आणि २०१५ च्या भारत-अमेरिका फॅटका करारानुसार खात्यांची माहिती इकडे येत असते. लाभांश एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, आला नाही म्हणून खाते कोणाला ठाऊक नाही, असे समजू नका.

अनिवासी आणि आरएनओआर यांना शेड्यूल एफए भरावे लागत नाही. पूर्ण रहिवासी दर्जा ज्या वर्षी येईल त्या वर्षापासून सुरू करा. पहिल्याच वर्षी सगळ्या जुन्या लॉटच्या मूळ तारखा आणि किमती त्यात उतरवा, ब्रोकरची वाटून टाकलेली किंमत नव्हे, बोनस वेगळा काढून. पुढे विक्रीच्या वर्षी शेड्यूल सीजीमध्ये (भांडवली नफ्याच्या तक्त्यात) जी किंमत लिहाल ती या पहिल्या नोंदीशी जुळली पाहिजे.